650 वॉटच्या नावाखाली 192 वॉट: एसएमपीएस घेताना लेबल वाचा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हजार-बाराशेला ‘500 वॉट’चा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) विकणारे असतात, हे कुणाला सांगायला नको. त्यांना टाळून 2,150 रुपये मोजले, म्हणून जास्त चीड येते. खोक्यावर ठळक 650 वॉट, डब्यावर 80 प्लस ब्रॉन्झचं, म्हणजे वीज कमी वाया जाते या प्रमाणपत्राचं, स्टिकर.

मशीन काही राक्षसी नाही. रायझन 5 5600 प्रोसेसर पूर्ण जोरात 76 वॉट, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड 170, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे धरून 50-60. झाले 300. कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं, म्हणून एनव्हिडिया 550 चा एसएमपीएस सांगते. 650 मागितला, यात गैर काय?

गेम लोड झाला की मशीन फटकन रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41, म्हणजे मशीन नीट बंद न होताच रीस्टार्ट झाल्याची नोंद. दुकानदार म्हणे, विंडोज फॉरमॅट करा! (बदलून देण्याची मुदत अशीच उलटवतात.)

आता लेबल बघा. 3.3 व्होल्टला 28 अँपिअर, 5 ला 30, 12 ला 16. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज 12 वरूनच घेतात. बारा सोळे 192! तिन्ही आकडे मिळवले तरी 435 होत नाहीत. खऱ्या 650 वर 12 व्होल्टपुढे साधारण 50 च्या पुढचा आकडा असतो.

आणि तो लाल खटका! 115/230 चा सरकता खटका म्हणजे आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नाही. 80 प्लसला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली खरी कामी येणारी किती, तो आकडा) 0.9 लागतो, तो त्याशिवाय येत नाही. म्हणजे स्टिकर खोटं. “230 वर आहे ना, बघून घ्या,” असं म्हणत दुकानदाराने बोट नेमकं त्या खटक्यावरच ठेवलं होतं, आणि माझी मान डोलली. 80 प्लसच्या संकेतस्थळावर मॉडेल शोधायला एक मिनिट लागतं, पण ते काउंटरवरच शोधायचं असतं.

दुकानात उत्तर: “चालतोय ना? मग बदली कशी देणार?” पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. एका सरकारी खिडकीवर “वॉट आम्ही मोजत नाही”, दुसरीवर “तज्ज्ञाचा अहवाल आणा”. अहवालाचा खर्च मालाहून जास्त! 650 ही छापलेलं, 16 ही छापलेलं, एकाच मालावर. गुणाकाराला तज्ज्ञ कशाला लागतो?

वर बिलावर फक्त ‘एसएमपीएस 1 नग’. मॉडेल नंबर आणि वॉट लिहून घ्या. “पक्क्या बिलाला 18 टक्के वर” म्हणाला तर उठा. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण कागद नसेल तर तिथे काय दाखवणार?

मोलेक्सवरून (जुन्या 4 पिनच्या जोडावरून) कार्डची 8 पिन करणारा कन्व्हर्टर ‘फ्री’ देत असेल, तर तो एसएमपीएस घेऊच नका. 8 पिनवरून कार्ड 150 वॉट, म्हणजे साडेबारा अँपिअर ओढू शकतं, आणि 8 पिनची वायरच त्या डब्यात नाही.