अ‍ॅप बिल्डसाठी एआय एजंटची फुकट इन्स्ट्रक्शन फाईल, वरूडकडून रिव्ह्यू

आमच्या संत्रावाल्यांच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं टूलकिट) बनवलेलं एक छोटं अ‍ॅप आहे, काट्यावरची नोंद, किती कॅरेट गेले, कोणाचे किती पैसे बाकी, बस एवढंच. पण आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की दर दोन-चार दिवसांनी लोकं काही ना काही बदल मागतात, मग व्हर्जन वाढवा, बिल्ड मारा (कोडपासून फोनात टाकायची फाईल तयार करा), साइन करा (आपल्या चावीची डिजिटल सही लावा), फोनवर टाकून पाहा, हेच चालू राहते. हे काम एआय एजंटच्या अंगावर टाकावं म्हणून नेटवर फिरणारी एक तयार इन्स्ट्रक्शन फाईल घेतली. एजंट्स डॉट एमडी नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवायची, एजंट आधी ती वाचते अन् मग त्या हिशोबाने कमांड चालवते. कोणाची फाईल ते सांगत नाही, अशा ढीगभर पडल्या आहेत.

तपासली कशी ते आधी सांगतो. सगळं जागच्या जागी असलेल्या प्रोजेक्टवर तं कोणताही एजंट बिल्ड काढून देते राजेहो, त्याला फाईल कायले पाहिजे? म्हणून प्रोजेक्टची वेगळी कॉपी केली अन् त्यात मुद्दाम मोडतोड केली. जेडीके 11 (बिल्डला लागणाऱ्या जावाच्या किटचं जुनं व्हर्जन) ठेवला, व्हर्जन नंबर जुनाच ठेवला, कीस्टोअरची (साइन करायची चावी ज्यात असते ती फाईल) माहिती असलेली की डॉट प्रॉपर्टीज फाईल काढून टाकली, आणि मग फक्त "रिलीज बिल्ड दे" एवढंच सांगून गंमत पाहत बसलो.

जेडीकेचं बरोबर पकडलं. फाईलमध्ये पहिलीच पायरी जावाचं व्हर्जन पाहण्याची आहे, अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन (ग्रेडल म्हणजे बिल्ड करणारं टूल, त्याला अँड्रॉइडसाठी लागणारा जोड) 8 पासून जेडीके 17 लागते, तर एजंटने बिल्ड सुरूच नाही केला, सरळ सांगितलं की हे बदला. छान. व्हर्जनचंही चांगलं लिहिलं आहे, पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीची फाईल) अधिकच्या चिन्हानंतर जो आकडा असते तोच व्हर्जन कोड होते, तोच आकडा दुसऱ्यांदा टाकला तं प्ले स्टोअर घेत नाही, म्हणून आधी आकडा वाढव आणि त्याचा कमिट (बदलाची नोंद) वेगळा कर असं स्पष्ट आहे. एवढ्यापुरते पूर्ण मार्क.

पण साइनिंगवर आलो अन् डोक्याला हात लावला. फाईलमध्ये लिहिलंय की कीस्टोअर सापडला नाही तर कीटूलने (चावी बनवायची कमांड) नवीन बनव आणि पुढे जा. अरे बाप्पा! एजंटने तेच केलं, नवीन चावी बनवली, बिल्ड काढला, वरून हिरवी टिकमार्क देऊन मोकळा. प्ले स्टोअरवर टाकणाऱ्याचं एक वेळ निभते, तिथे चुकीच्या चावीचं बंडल (प्ले स्टोअरवर टाकायची अ‍ॅपची फाईल) रिजेक्ट होते आणि प्ले अ‍ॅप साइनिंग (अ‍ॅपची खरी चावी गूगलच सांभाळते ती सोय) असेल तर अपलोडची चावी रिसेट करून मागता येते. पण आमच्याकडे एपीके (थेट फोनात बसवायची अ‍ॅपची फाईल) व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर जाते. चावी बदलली की जुन्या अ‍ॅपवर नवीन बसतच नाही, आधीचं काढून टाकावं लागते, आणि ज्या माणसाच्या शेतात रेंज नाही त्याच्या फोनात सिंक न झालेल्या नोंदी अ‍ॅपसोबतच उडतात. ती ओळ काढली आणि लिहिलं, चावी नसली तर थांब, काही बनवू नको, मला विचार. नंतर त्याच मोडक्या कॉपीवर परत चालवलं तं खरंच थांबला.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. फ्लटरच्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये रिलीज बिल्डसुद्धा डीबग चावीने (फक्त चाचणीपुरती असलेली चावी) साइन होते, तिथे तशी कॉमेंटच असते की सध्यापुरतं डीबग चावी वापरतोय. म्हणजे बिल्ड सक्सेसफुल येते, एपीके मिळते, सगळं हिरवं, अन् चावी भलतीच. या फाईलच्या लेखी बिल्ड पास झाला की काम संपलं. मी शेवटी एपीकेसायनरने (एपीकेवरची सही तपासायचं टूल) सर्टिफिकेट छापून ठरलेल्या फिंगरप्रिंटशी (चावीची ओळख सांगणारा कोड) जुळवायची पायरी जोडली, जुळलं नाही तर बिल्ड झालाच नाही असं समजायचं.

अजून एक, "बिल्ड कोणत्याही परिस्थितीत पास झालाच पाहिजे" असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. एजंटला असं दटावलं की तो रस्ता काढतेच, लिंटची (कोडमधल्या चुका शोधणारी तपासणी) चूक आली तर त्याने लिंटच बंद करून टाकला! त्याला दोष काय देणार, सांगितलं तेच केलं.

आणि हे शहरात बसून लिहिलंय हे कळते, कारण बिल्ड फसला की फ्लटर क्लीन (आधीचा बिल्ड पुसणारी कमांड) मार, ग्रेडलची कॅश (नेटवरून उतरवून ठेवलेल्या फाईली) उडव, परत चालव, असा उपाय दिलाय. इकडे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती सगळी कॅश परत उतरवायची म्हणजे दिवसाचा डेटा संपला, त्यात मधेच लाईन गेली की सगळं तिथंच अडकते. मी बदललं ते असं की ग्रेडलच्या आउटपुटमध्ये "व्हॉट वेंट राँग" खाली काय छापलंय ते आधी वाच, कॅशला हात लावू नको, दोनदा जमलं नाही तर जसंच्या तसं मला दाखव.

आर्किटेक्चरप्रमाणे (फोनचा प्रोसेसर 32 बिट की 64 बिट त्यानुसार) वेगवेगळे एपीके काढायचं फाईलमध्ये आहे, लहान एपीके इकडे कामाचाच आहे, पण एक खोच सांगितली नाही. त्या पद्धतीने काढलं की फ्लटर व्हर्जन कोडमध्ये 32 बिटला 1000 आणि 64 बिटला 2000 मिळवते, म्हणजे 18 चा 2018 होऊन फोनात बसते. मग पुढच्या वेळी एजंटने सगळ्यांसाठी एकच एपीके काढला तं त्याचा कोड 19, फोन म्हणते हे जुनं आहे, बसवत नाही. एकदा जी पद्धत धरली तीच ठेव, ही ओळ घालाच.

टार्गेट एपीआय (अ‍ॅप कोणत्या अँड्रॉइड व्हर्जनसाठी बनवलं ते सांगणारा आकडा) 34 असा थेट आकडा लिहून ठेवलाय, तोही शिळा. प्ले स्टोअरने 31 ऑगस्ट 2025 पासून नवीन अ‍ॅपला आणि अपडेटला 35 मागितला. असे आकडे फाईलमध्ये कोंबायचेच काहून, दर वर्षी बदलतात. उलट सुरुवातीचं "तू जगातला सर्वात हुशार मोबाईल इंजिनिअर आहेस" वालं लांबलचक पुराण मी पूर्ण उडवलं, एजंटच्या कामात काडीचा फरक पडला नाही.

पाचपैकी अडीच. जशीच्या तशी वापरू नका, साइनिंग आणि कॅशचा भाग काढून टाका, व्हर्जनचा ठेवा. आयफोनचा भाग तपासला नाही, त्याला मॅक लागते अन् अ‍ॅपलच्या डेव्हलपर खात्याचे वर्षाचे 99 डॉलर, आणि आमच्या कंपनीत आयफोनवाला एकच, हिशोब करणारे सीए साहेब, ते ब्राउझरमधूनच पाहतात.