सोलोइस्ट की ऑर्केस्ट्रा?

ओळखीतली एक मुलगी जर्मनीत व्हायोलिन शिकतेय, आता सोलोइस्ट (एकल वादक) व्हायचं की ऑर्केस्ट्रात नोकरी धरायची यावर अडलीये. पोस्टरवरची विशेषणं बाजूला ठेवून बघू.

पैसा: ऑर्केस्ट्रात ठरलेला पगार, सुट्ट्या, पेन्शन. आधी प्रोबेशन असतं आणि ठेवायचं की नाही हे शेजारी बसून वाजवणारेच मत देऊन ठरवतात, हे जरा भारीच आहे. सोलोत कार्यक्रम झाला तर मानधन, नाहीतर हात हलवत घरी. स्ट्रॅडिव्हेरियस (जुनं, अतिशय महागडं इटालियन व्हायोलिन) तर मोठमोठे लोकही बऱ्याचदा फाउंडेशनकडून वापरायला घेतात.

वय: प्रसिद्ध व्हायोलिनवादक मेन्यूहिनने १९३२ मध्ये इंग्रज संगीतकार एल्गारचा कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एकट्या वादकाने वाजवायची रचना) खुद्द एल्गारच्या हाताखाली रेकॉर्ड केला तेव्हा तो १६ वर्षांचा होता. विशीत पोचूनही नाव झालेलं नसेल तर सोलोचं दार बंद नाही, पण अवघड होतं. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला मोझार्टचा ४ किंवा ५ नंबरचा कॉन्चेर्तो, मग रिचर्ड स्ट्राउसच्या 'डॉन हुआन' या ऑर्केस्ट्रा-रचनेचं ते घाम काढणारं पहिलं पान, आणि बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला वाजवणारा आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा, त्यामुळे ओळखीपाळखी चालत नाहीत.

मेहनत दोन्हीकडे मरणाची. सोलोत तेच पाचसहा कॉन्चेर्तो पाठ करून गावोगाव एकटं फिरायचं, ऑर्केस्ट्रात सारखं नवीन वाजवायचं पण बो (व्हायोलिनचा गज) कुठे वर कुठे खाली हेही दुसरा ठरवणार.

घरचा आधार आहे, स्पर्धा जिंकल्यात आणि एकटेपणा झेपतो तर चारपाच वर्षं सोलो करून बघावं. दरमहा भाडं भरायचंय, चारचौघांसोबत मिळून वाजवायला आवडतं तर सरळ ऑर्केस्ट्रा, वर चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी मिळून वाजवायचं संगीत) करता येतंच.