तीस इंच उंचीची खाऱ्या पाण्याची टाकी: दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

कोथरूडमधील आमच्या सदनिकेच्या दिवाणखान्यात दार आणि खिडकी यांच्यामध्ये सव्वातीन फुटांची भिंत मोकळी होती. लांबी वाढवायला वाव नव्हता म्हणून मी उंची वाढवली आणि तीन फूट लांब, दोन फूट रुंद व तीस इंच उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी शहरातल्याच एका कारागिराकडून बनवून घेतली. टाकी, तिच्याखालचा संप (पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी छोटी टाकी), लोखंडी स्टँड आणि घरी आणून बसवून देणे यांचे मिळून ५२,००० रुपये झाले. दिवा, पंप, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर, पाणी थंड करणारा चिलर ही सामग्री निराळी घेतली असल्याने तिचा उल्लेख येथे टाकीच्या उंचीशी संबंध येईल तेवढाच केला आहे. कारागिराचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या माझ्याच हट्टातून निघालेल्या आहेत आणि उरलेल्यांपैकी सर्वांत मोठी त्याने कुरकुर न करता निस्तरली.

आधी कामाविषयी. पाचही काचा १२ मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि वरच्या कडेला चारही बाजूंनी काचेच्या आडव्या पट्ट्या बसवल्या आहेत. सिलिकॉनच्या रेषा एकसारख्या असून त्यांत एकही बुडबुडा सापडला नाही. जोडणी झाल्यावर सिलिकॉनचा आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत त्याने दहा दिवस टाकीला हात लावू दिला नाही, आणि त्यानंतर आपल्याच शेडमध्ये ती काठोकाठ भरून दोन दिवस ठेवली. या सावधपणाचे मोल उंच टाकीत अधिक असते. पाण्याचा काचेवरील दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसून केवळ खोलीवर अवलंबून असतो. माझ्या टाकीत पाणी २८ इंचांपर्यंत असते, तेव्हा दर्शनी काचेवर एकूण सुमारे २३५ किलो वजनाइतका रेटा येतो. हीच टाकी १८ इंच पाण्याची असती तर तो शंभराच्या आत राहिला असता. उंच टाकी महाग का पडते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दर्शनी काच मी लो-आयर्न, म्हणजे कमी लोह असलेल्या, प्रकारची मागितली होती. साध्या जाड काचेतून दिसणारी हिरवट झाक तिच्यात जवळजवळ नसते, त्यामुळे जांभळे आणि निळे रंग जसेच्या तसे दिसतात. मात्र काचेवर ओरखडा उठायला वेळ लागत नाही. तिसऱ्या महिन्यात शेवाळ घासण्याच्या चुंबकात वाळूचा एक कण अडकला आणि डाव्या कोपऱ्यात चार इंचांची रेघ उमटली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नजर मासे सोडून नेमकी तिच्यावरच जाते.

रिकाम्या टाकीचे वजन ९० किलोंच्या आसपास आहे. ती लिफ्टमध्ये मावली नाही म्हणून चार हमालांनी पट्टे लावून जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत आणली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती उभी करून फिरवावी लागली, तेव्हा कारागीर स्वतः काचेच्या कोपऱ्याला गोणपाट धरून उलटा जिना चढत होता. पाणी, दगड, वाळू, संप आणि स्टँड धरून हा सारा डोलारा सातशे किलोंच्या घरात जातो. निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी आयएस ८७५ या मानकात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका वापरभार धरलेला असतो. टाकीचा तळ पुरता पाऊण चौरस मीटरही भरत नाही. म्हणून मी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून तुळई कोठून जाते ते पाहून घेतले आणि टाकी तिच्या अंगाने, भिंतीला लागून ठेवली. कारागिराने याविषयी चकार शब्द काढला नव्हता. त्याने तो काढायला हवा होता असे माझे मत आहे.

आता उंचीविषयी, कारण माझ्या तक्रारीचा गाभा तोच आहे. स्टँड तीस इंचांचा आणि टाकी तीस इंचांची, म्हणजे वरची कड जमिनीपासून पाच फुटांवर येते. माझी उंची साडेपाच फूट आहे. स्टुलावर उभे राहून बगलेपर्यंत हात बुडवला तरी बोटांची टोके वाळूच्या चार इंच वरच थांबतात. उलटलेली गोगलगाय सरळ करणे किंवा दगडावरून घरंगळलेला प्रवाळाचा तुकडा उचलणे ही आडव्या टाकीत अर्ध्या मिनिटाची कामे. येथे त्यांसाठी सत्तावीस इंची चिमटा, स्टूल आणि बाही पिळायला टॉवेल एवढा संसार मांडावा लागतो. खालच्या कोपऱ्यात काचेवर चढणारे जांभळे चुनखडी शेवाळ मी महिन्यातून एकदाच खरवडतो, आणि तेही नाखुशीने.

दुसरा प्रश्न उजेडाचा. एका मित्राकडून पार मीटर (प्रवाळांच्या वाढीला उपयोगी पडणारा उजेड मोजणारे यंत्र) उसना आणून मी मोजमाप केले. दिवा पाण्यापासून दहा इंचांवर टांगलेला असताना पाण्याखाली आठ इंचांवर २४० इतका आकडा आला, वाळूवर मधोमध ६० आणि कोपऱ्यांत जेमतेम ३५. तळाला उजेड मिळावा म्हणून दिव्याचा जोर वाढवला की वरचे प्रवाळ पांढरे पडू लागतात, आणि वरच्यांना सोसेल इतकाच ठेवला की खालचे उजेडाकडे मान ताणतात. यावर उपाय एकच: ज्याला जेवढा उजेड मानवतो त्याला त्या मजल्यावर घर द्यायचे. माझ्याकडे शेंड्याला लेदर कोरल आहे, मधल्या कपाऱ्यांत झोअँथिड प्रवाळ आहेत आणि तळाच्या सावलीत मशरूम कोरल आहेत. दगड ढीग न रचता मागच्या बाजूला कड्यासारखे उभे रचले, तेव्हाच ही मांडणी जमली. तळाशी घाण साचू नये म्हणून एक वेव्हमेकर (पाणी ढवळत ठेवणारा छोटा पंप) मात्र खाली, वाळूपासून सहा इंचांवर लावावा लागला.

तिसरी गोष्ट हवेची, आणि तिच्याविषयी टाकी विकत घेताना कोणीच बोलत नाही. पाण्यात प्राणवायू शिरतो तो पृष्ठभागातून. माझ्या टाकीचा पृष्ठभाग सहा चौरस फूट आहे. तेवढेच पाणी चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद टाकीत सतरा इंचांत मावले असते आणि पृष्ठभाग दहा चौरस फूट मिळाला असता. पंप चालू असेपर्यंत हा फरक जाणवत नाही; वीज गेली की जाणवतो. पुण्यात देखभालीची वीजकपात बहुधा गुरुवारी होते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवापंप आता टाकीशेजारी कायम टांगलेला असतो.

याच गुरुवारांपैकी पहिल्या गुरुवारी मोठा घोटाळा झाला. संपातून पाणी वर चढवणाऱ्या नळीचे तोंड कारागिराने पाण्याच्या पातळीखाली चार इंचांवर ठेवले होते. पंप बंद पडताच त्याच नळीतून पाणी उलटे संपात उतरू लागते आणि नळीचे तोंड उघडे पडून आत हवा शिरेपर्यंत थांबत नाही. चार इंच म्हणजे या टाकीत छप्पन लिटर, आणि संपात मोकळी जागा होती पस्तीस लिटरांची. मी कार्यालयात होतो. खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला, “तुमच्या घरातून आमच्या छतावर पाणी उतरतंय. आणि एक विचारू का, हे खारट कसं काय?” त्यांनी चव घेऊन पाहिली होती. संध्याकाळी कारागीर आला, नळीचे तोंड पातळीखाली पाऊण इंचावर आणले, त्याखेरीज हवा शिरण्यासाठी एक छिद्र पाडले आणि पंप चार वेळा बंद करून संप भरून वाहत नाही हे माझ्यादेखत तपासले. पैसे घेतले नाहीत. काकांच्या छताच्या रंगाचे मात्र मी दिले. नवी टाकी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी, स्वतः समोर उभे राहून, पंप बंद करून पाहावा.

उन्हाळ्याची मला जितकी धास्ती होती तितका तो जड गेला नाही. पुण्याची एप्रिलमधील हवा कोरडी असते, त्यामुळे पाण्यावर झोत मारणारे साधे पंखे बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरवतात. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही. चिलर मला केवळ मे महिन्यात, तोही दुपारी, चालवावा लागला आणि पाणी २७ अंशांच्या वर गेले नाही. मात्र पंख्यांची किंमत पाण्यात मोजावी लागते. त्या दिवसांत रोज सहा ते सात लिटर पाणी उडून जाते. मीठ मागेच राहत असल्याने भरपाई गोड्या पाण्याने करायची असते. तीन दिवस हयगय केली तर दर हजारी ३५ असलेली क्षारता ३६ च्या पुढे सरकते. पातळी उतरताच आपोआप पाणी सोडणारे यंत्र ही या टाकीत चैन धरू नये.

भरपाईच्या याच पाण्यात मी चुन्याची निवळी मिसळतो. लहान मुलांना पाजायची जुन्या घरांतील निवळी आणि जगभरचे प्रवाळपालक वापरतात ते चुन्याचे पाणी एकच. त्यातून प्रवाळांना आणि चुनखडी शेवाळाला लागणारे कॅल्शियम मिळते व पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून सामू स्थिर ठेवण्याची क्षमता, टिकून राहते. फरक एवढाच की पानाचा चुना येथे चालत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढीच थेंबाथेंबाने रात्री सोडावी. निवळीचा सामू (पीएच) बाराच्या वर असतो, त्यामुळे तांब्याने ओतण्याचा मोह महागात पडतो. बाष्पीभवन वाढते त्या महिन्यांत चुन्याचे प्रमाण कमी करावे लागते, हे मला अल्कलिनिटी ८ वरून ११ वर गेल्यावर उमगले.

पाण्याविषयी थोडक्यात. महापालिकेच्या नळाचे पाणी माझ्या मीटरवर ९० च्या आसपास टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) दाखवते आणि उन्हाळ्यात सोसायटीत येणाऱ्या टँकरचे ६४०. दोन्ही टाकीत थेट चालत नाहीत. पिण्याच्या आरओ यंत्रात पुढे उरलेले क्षार शोषणारे रेझिनचे नळकांडे जोडून शून्य टीडीएसचे पाणी करावे लागते आणि त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने तयार समुद्री मीठ घालावे लागते. चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ पासून समुद्र दारातच होता. आपल्याला तो पाकिटातून आणावा लागतो. आठवड्याला चाळीस लिटर पाणी बदलायचे म्हणजे दीड किलो मीठ, आणि या खर्चाची कल्पना टाकी विकणारा कधीच देत नाही.

प्रवाळांच्या बाबतीत मी दगडी (कठीण सांगाड्याचे) प्रकार टाळले, ते केवळ उजेडामुळे नव्हे. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट करण्यात आले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरून काढलेला असा तुकडा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळांना सायटिस या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ चे नियम लागू होतात आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा सजीवांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. टाकी भरत असताना एका विक्रेत्याने मला कागदपत्रांविना “समुद्रातला ताजा दगड” देऊ केला होता. त्याच्याकडे मी पुन्हा गेलो नाही. माझ्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आहेत. त्यांवर जिवाणू स्थिरावून माशांना घातक असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला सहा आठवडे लागले आणि तोवर टाकीत एकही मासा नव्हता.

माशांनी उंचीची बाजू थोडीफार राखली. क्लाउनफिशची जोडी मी कृत्रिम प्रजननातून वाढवलेलीच घेतली. हे तंत्र भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विकसित केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या जोडीसाठी अडून बसण्याचे कारण उरलेले नाही. ही जोडी दिवसभर लेदर कोरलच्या शेंड्यावर असते. मधल्या पाण्यात तीन बँगाई कार्डिनल मासे जवळजवळ न हलता तरंगत राहतात. उभ्या पाण्याचा खराखुरा उपयोग करणारे तेवढेच. तळाशी एक गोबी मासा आणि साफसफाई करणारी कोळंबी आहे. लांब पोहणारे टँग जातीचे मासे तीन फुटांच्या टाकीत मी ठेवणार नाही, पाणी कितीही खोल असले तरी.

बांधणीला मी पाचपैकी साडेचार गुण देतो आणि विक्रीपूर्व सल्ल्याला दोन. भिंत मोठी असती तर याच कारागिराकडून याच पैशांत चार फूट बाय अडीच फूट बाय वीस इंच अशी टाकी करून घेतली असती. ज्यांच्याकडे माझ्यासारखीच अरुंद भिंत आहे त्यांनी चोवीस इंचांवर थांबावे; त्यापुढचे सहा इंच सोफ्यावर बसणाऱ्याला दिसतात, पण काम करणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत.

गेल्या महिन्यात कारागिराने आपल्या जाहिरातीसाठी टाकीचा फोटो मागितला. मी स्टूल, चिमटा आणि दोरीवरचा ओला टॉवेल यांसह काढलेला पाठवला. त्याने तिन्ही बाजूंनी कापून लावला आहे.