फिटच्या औषधाची पातळी: इम्युनोॲसे की एचपीएलसी?

वाळपईहून पहाटेची कदंब बस पकडून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात फिटच्या औषधाची पातळी तपासायला रक्त द्यायला आलेल्या माणसाला एकच हवं असतं, रिपोर्ट आजच मिळावा. तिथे इम्युनोॲसे, म्हणजे अँटिबॉडी वापरून केलेली तपासणी, जिंकते. अँटिबॉडी औषधाच्या रेणूला धरते, यंत्र आकडा देतं, झालं. फेनिटॉइन हे फिटचं औषध १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पट्ट्यात आहे का, एवढंच पाहायचं तर पुरे.

पण ही अँटिबॉडी कधीकधी औषधाच्या भाऊबंदांनाही घरात घेते. कार्बामाझेपिन या दुसऱ्या औषधाचं यकृतात इपॉक्साइड होतं. काही किट तेही थोडंफार कार्बामाझेपिन म्हणूनच मोजतात. फॉस्फेनिटॉइन (शरीरात फेनिटॉइन होणारं इंजेक्शन) टोचून लगेच रक्त घेतलं तर फेनिटॉइनचा आकडा फुगतो. एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत. तीत कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून जाताना प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. कार्बामाझेपिन वेगळं, इपॉक्साइड वेगळं, शिवाय दोन-तीन औषधं एकाच फेरीत. त्यासाठी वेळ, शुद्ध सॉल्व्हंट (द्रावक) आणि हात बसलेला टेक्निशियन लागतो. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध मात्र अतिनील प्रकाश नीट शोषत नाही, त्यामुळे साध्या एचपीएलसीची तिथे पंचाईत. मी तरी त्याला इम्युनोॲसेच निवडेन.

यांच्यासारखं एकच जुनं औषध चालू असेल तर इम्युनोॲसे. दोन-तीन असतील किंवा आकडा आणि रुग्ण जुळत नसतील, तर एचपीएलसी. आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. बसस्टँडवर चहाबरोबर ती आधीच घेतली असेल, तर दोन्ही यंत्रं चढाच आकडा दाखवतील.