काचेचा ताण दाखवणारी डबी: फिल्म उत्तम, ट्रेने घात केला

वेगवेगळ्या काचा वितळवून मणी करताना त्या एकमेकींशी जुळतात का, म्हणजे गार होताना सारख्याच आकसतात का, हे ताणावरून दाखवणाऱ्या डबीचा हा रिव्ह्यू, पण मुख्यतः ट्रेबद्दल आहे. बाकी डबी ठीक आहे: खाली एलईडी, त्यावर एक पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी), वर फिरणाऱ्या रिंगमध्ये दुसरी. दोन्ही एकमेकींना काटकोनात आल्या की सगळं काळं होतं आणि मध्ये ठेवलेल्या काचेत जिथे ताण असेल तेवढीच जागा उजळते. आता या दोन फिल्मच्या मध्ये नमुना ठेवायला दिलंय काय, तर साच्यातून काढलेला पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे! त्या प्लास्टिकमध्ये साच्यातला ताण आधीच अडकलेला असतो. रिकामा ट्रेच रंगीबेरंगी दिसतो, मग काचेतला फिकट उजेड त्यात काय दिसणार? विक्रेत्याचं उत्तर: "रंग दिसतात म्हणजे मशीन चालू आहे." बदली ट्रे आला, तोही तसाच.

उपाय स्वस्त आहे. ट्रे काढा आणि मायक्रोस्कोपची साधी काचपट्टी ठेवा. काहीच न ठेवता पूर्ण काळं दिसलं पाहिजे. तरीही रंग दिसले तर फिल्मवरचं संरक्षक प्लास्टिक काढायचं राहिलंय. तेही असेच रंग दाखवतं.

नमुन्याची पद्धत अशी. ज्या क्लिअर रॉडवर (रंगहीन काचेच्या कांडीवर) काम करता त्याचाच गोळा दाबून ४-५ मिमी जाड चकती करा. तिच्यावर तपासायच्या रंगांचे ३-४ मिमीचे ठिपके द्या, एकमेकांपासून निदान ८-१० मिमी लांब, आणि ते सपाट होईपर्यंत वितळवा. एक ठिपका त्याच क्लिअरचा हवाच. भट्टीत अ‍ॅनिलिंग (सावकाश गार करून काचेतला ताण काढणं) नीट झालंय की नाही, हे तोच सांगतो. १०४ सीओईच्या (सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) मुरानो काचेला ५२० अंशांवर तासभर, मग ताशी ६० अंशांनी ४०० पर्यंत, पुढे भट्टी बंद. क्लिअरच्या ठिपक्याभोवतीही उजेड दिसला तर काचा जुळतात की नाही हा प्रश्नच नाही, अ‍ॅनिलिंग पुन्हा करा. चकती पूर्ण गार झाल्यावरच बघा, आणि चिमट्याने धरा. बोटाच्या उबेनेही तात्पुरता ताण दिसतो.

अपारदर्शक रंगाच्या आत काही दिसत नाही, त्याच्या कडेच्या क्लिअरमध्ये बघायचं. ठिपक्याऐवजी पट्टी दिली असेल तर चकती ४५ अंश फिरवा. पट्टी फिल्मच्या दिशेला समांतर असली की ताण असूनही काळं दिसतं आणि न जुळणारी काच पास होऊन जाते.

सुरुवातीला दोन तारे दिले होते, आता तीन करतोय. कारण धाग्याची चाचणी. ती फुकट आहे, पण एकटीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन रॉड शेजारी-शेजारी जोडायचे, तापवायचे, न पिळता १ मिमीचा धागा ओढायचा, कडक होईपर्यंत ताणून धरायचा आणि मधला ३० सेंमी तुकडा टेबलावर ठेवायचा. जी काच जास्त आकसते, ती वाकाच्या आतल्या बाजूला येते. १०४ आणि ९६ सीओईच्या काचांमध्ये हिशेबाने मध्यभागी साधारण ६ मिमी वाक येतो. धागा अर्ध्या जाडीचा असला तर दुप्पट. म्हणून जाडी मोजल्याशिवाय दोन धाग्यांची तुलना करू नका. घोटाळा होतो तो मऊ, म्हणजे लवकर वितळणाऱ्या रंगांत. मऊ काच कडक काचेभोवती गुंडाळली जाते, धागा सरळच राहतो आणि काचा जुळल्या असं वाटतं. तिथे ही डबी खोटं पकडते.

रॉडवर छापलेला सीओईचा आकडा म्हणजे हमी नाही. तो साधारण ३०० अंशांपर्यंतचं सरासरी प्रसरण सांगतो. काच घट्ट कधी होते, हे चिकटपणावर असतं. सुट्या विकल्या जाणाऱ्या रॉडवर तर आकडाही नसतो. खिडकीची आणि बाटलीची काच साधारण ८५-९० ची, म्हणजे १०४ वर ठिपका म्हणूनही नको. आयव्हरी आणि टर्कॉइज या रंगांच्या काचांमध्ये काळी रेघ आली तर घाबरू नका, ती रासायनिक क्रिया आहे.

आता पैशांचं. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याचा उजेड आधीच पोलराइझ्ड असतो. पांढरं पान उघडा, समोर काच धरा आणि एकच सुटी फिल्म फिरवत बघा. दिसतं तेच. म्हणजे डबीची किंमत मुळात एलईडीची आणि त्या ट्रेची. फिल्मवर गरम मणी ठेवू नका, भाजलेला डाग निघत नाही. रिंग सैल झाली की काळं राखाडी होतं आणि फिकट कडा सगळ्यात आधी नाहीशा होतात; काटकोनाची खूण मार्करने करून तिथे चिकटपट्टी लावा.