घरचा गॅस लेझर: हवेचा, हेलियम-निऑनचा की कार्बन डायऑक्साइडचा?

गॅस लेझर घरी बनवायचा म्हटलं की लोक आधी रंग विचारतात. मी आधी विचारतो, नळीतली हवा उपसणारा व्हॅक्युम पंप आहे का? निम्मा निर्णय तिथेच होतो.

नसेल, तर नायट्रोजन लेझर. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, त्यामुळे सिलिंडर नको, नळी नको, आरसेही नकोत. खाली अॅल्युमिनियम फॉइल, वर प्लास्टिकची शीट, शीटवर फॉइलचे दोन तुकडे आणि त्यांवर समोरासमोर दोन सरळ धातूच्या पट्ट्या, मध्ये एक-दोन मिलिमीटर फट. दोन्ही तुकडे तारेच्या वेटोळ्याने जोडायचे आणि एका तुकड्याच्या कडेला स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी पडायची फट, ठेवायचा. फॉइल-प्लास्टिकचा हा थर म्हणजेच वीज साठवणारा कपॅसिटर. दहाएक हजार व्होल्टला तिथे ठिणगी पडली की तो तुकडा क्षणात रिकामा होतो, दुसरा भरलेलाच राहतो आणि सगळा विजेचा दाब पट्ट्यांमधल्या फटीवर येतो. हे नॅनोसेकंदांत व्हावं लागतं, कारण नायट्रोजनचे रेणू ऊर्जेच्या वरच्या पातळीत तेवढाच वेळ टिकतात, खालच्या पातळीत मात्र जास्त वेळ अडकून राहतात. म्हणून सलग किरण कधीच मिळत नाही, मिळतात ते ठोके. किरण ३३७.१ नॅनोमीटरचा, अतिनील, डोळ्यांना न दिसणारा. पांढऱ्या कागदावर मात्र निळा ठिपका चमकतो. घोडं अडतं ते बहुतेक वेळा पट्ट्यांपाशी. त्या तंतोतंत समांतर नसल्या तर फटभर उजेड पसरण्याऐवजी एकाच जागी जाडजूड ठिणग्या तडतडतात. शीटला भोक पडणं हा ठरलेला दुसरा त्रास.

हेलियम-निऑन दिसायला सगळ्यात देखणा आणि घरी करायला सगळ्यात वाईट. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत अली जावान आणि सहकाऱ्यांनी तो चालवला तेव्हा प्रकाश अवरक्त होता. ओळखीचा लाल, ६३२.८ नॅनोमीटरचा, १९६२ मध्ये आला. एका फेरीत प्रकाश जेमतेम काही टक्के वाढतो, म्हणून आरसे ९९ टक्क्यांहून जास्त परावर्तन करणारे लागतात आणि ते केसभर कलले की सगळं बंद. नळीत पाऱ्याचे दोन-तीन मिलिमीटर एवढाच दाब, आणि वायू अगदी शुद्ध. काचकाम येत नसेल तर जुनी नळी विकत घ्या आणि तिचा पॉवर सप्लाय स्वतः बनवा. यात कमीपणा काही नाही.

कार्बन डायऑक्साइड लेझर आपल्या बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्यात इंजिनिअर झालेल्या कुमार पटेल यांचा, १९६४ सालचा, तोही बेल लॅब्समधलाच. एसी दुरुस्तीवाले वापरतात तो पंप याला पुरतो. कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या वर जाते, त्यामुळे दहा-वीस वॅट घरीही आवाक्यात येतात. नळीभोवती पाणी खेळतं ठेवावं लागतं. खिसा कापतो तो पुढचा आरसा: १०.६ मायक्रॉनचा किरण काचेतून जातच नाही, म्हणून झिंक सेलेनाइड किंवा जर्मेनियम घ्यावं लागतं.

सुरक्षेचं एकदाच, पण नीट ऐका. हाय व्होल्टेज तिन्हींत आहे. फॉइलचा कपॅसिटर खेळणं वाटतो, पण त्याला जोडलेला निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर जीव घेऊ शकतो. वीज काढून, अर्थिंग केलेल्या काठीने डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका. घरात दुसरं माणूस हवंच. नायट्रोजनच्या ठिणग्यांनी ओझोन होतो, खिडकी उघडी ठेवा. आणि चष्मा त्या-त्या तरंगलांबीचाच घ्या, साधा गॉगल नव्हे. कार्बन डायऑक्साइडचा न दिसणारा किरण चमच्यावरून उसळला तरी बुबुळ भाजतं.

कापाकापीच करायची असेल, तर बाजारात ४० वॅटची तयार नळी मिळते. मग घरी बनवायला उरते ती निव्वळ हौस, आणि मला तेवढी पुरते.