बँड की स्मार्टवॉच? आधी चार्जरचा हिशेब करा

दुकानात स्क्रीन बघून निवड होते, पण रोजच्या वापरात नडतं ते चार्जिंग. शाओमी स्मार्ट बँड ९ची बॅटरी कंपनीच्या दाव्यानुसार २१ दिवस चालते. ऑलवेज-ऑन डिस्प्ले, म्हणजे स्क्रीन सतत उजळलेली ठेवली तर मात्र ९. दुसऱ्या पिढीच्या अ‍ॅपल वॉच एसईचा दावा १८ तासांचा, म्हणजे ती रोज उतरवावी लागणारच. झोपेची नोंद हवी असेल तर संध्याकाळी अंघोळ-जेवणाच्या वेळात ती चार्जरवर ठेवायला हवी. एवढं रोज जमणार नसेल तर सरळ बँड घ्या.

मग खिशातला फोन बघा. अ‍ॅपल वॉचला आयफोनच लागतो. उलट गॅलेक्सी वॉच ४ आणि पुढची मॉडेलं आयफोनशी जुळतच नाहीत, आणि त्यांतला ईसीजी वापरायला फोनही सॅमसंगचाच लागतो. बँडला दोन्ही फोन चालतात.

धावणाऱ्यांसाठी खरा प्रश्न जीपीएसचा. बँड ९मध्ये तो नाही. अंतर फोनवरून घेतो. फोन घरी ठेवून पळालात तर पावलांवरून अंदाज बांधतो. गार्मिन फोररनर ५५मध्ये जीपीएस आहे, जीपीएस बंद असताना बॅटरीही कंपनीच्या दाव्यानुसार सुमारे दोन आठवडे पुरते. ज्यांना रोज पळायचंय पण रोज चार्ज करायचं नाही, त्यांना आम्ही हेच सुचवू.

नाडी बँड आणि घड्याळ दोन्हींत मुख्यतः हिरव्या प्रकाशानेच मोजली जाते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा प्रकाश आत शिरतो, आणि पळताना नाडीऐवजी पावलांचा ठेकाच आकडा म्हणून दिसू शकतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्टसर बांधा. डंबेल्स उचलताना मनगट वाकतं, तेव्हा महागडं घड्याळही चुकतं. खड्ड्यांतून दुचाकी चालवली तर बसल्या जागी पावलं वाढतात, हा बोनस वेगळाच!

दीड-दोन हजारांतली ब्लूटूथ कॉलिंगची घड्याळं कॉल घेण्यापुरती ठीक. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळावर मात्र पैसे घालवू नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४मध्ये अशा घड्याळांबद्दल इशारा दिला होता.

‘५ एटीएम’ हे पाणी सोसण्याचं माप. म्हणजे पोहायला चालेल, गरम पाण्याच्या शॉवरला नाही. उष्णतेने आणि साबणाने सील खराब होतात. दमट हवेत पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येतं, तेव्हा रोज पट्टा आणि मनगट दोन्ही धुऊन कोरडं करा.